लढाईतला तास

हेमलताबाई धाकट्या भावाला, विद्याधरला, घेऊन साखरपुड्याला चार वाजता येणार होत्या, आणि वीणानं तोंड उघडलं ते दुपारची पानं उठता उठता. "चार दिवस आधी सांगायला काय झालं होतं?" असं पुढं तिला घरातल्या प्रत्येकानं विचारलं. उत्तर साधं होतं. चार दिवस आधी तिची खात्री नव्हती, आणि खात्री नसताना अप्पांच्या समोर उभं राहायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

रत्नाकरअप्पा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. थोरल्या लेकीचं, सुलभाचं, एकदाचं जमलं म्हणून स्वारी खुशीत होती.

"अप्पा, अक्काच्या जन्माची वेळ कुठल्या घड्याळाची?"

"माझ्या मनगटावरच्या. कारखान्याच्या भोंग्याशी लावलेलं होतं. इस्पितळाच्या व्हरांड्यात उभा होतो मी, रडणं ऐकलं आणि काटा बघितला. सेकंदाची चूक नाही."

"सेकंदाची नाही, अप्पा. तासाची आहे."

अप्पांचा अडकित्ता थांबला.

बंगलोरच्या विमानांच्या कारखान्यात अप्पा मोजमापाच्या खोलीचे मुख्य होते. कारखान्यातलं प्रत्येक माप खरं की खोटं हे तेच ठरवत, आणि त्यांनी नापास केलेलं माप गोरा साहेबसुद्धा परत वापरत नसे. घरचं घड्याळ ते रोज सकाळी रेडिओवर लावून घेत. समोरच्या चंद्राबाई आपली भाकरी तव्यावर टाकायच्या त्यासुद्धा त्यांच्या घड्याळाचे टोले ऐकून. कुंडल्या मांडणं हा त्यांचा दुसरा नाद. तो लढाईनंतर लागला आणि नेहमीप्रमाणं मुळापर्यंत गेला. मल्लेश्वरमातल्या मराठी मंडळाच्या निम्म्या घरांतल्या पोरांच्या कुंडल्या त्यांनी फुकट मांडून दिल्या होत्या. अशा माणसाला तासाची चूक आहे म्हणून सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ ओळखता येत नाही म्हणण्यासारखं होतं.

"नीट बोल," ते म्हणाले.

वीणा नीटच बोलली. वर्षभर ती तेच शिकत होती. बी.एस्सी.ला तिनं स्टॅटिस्टिक्स घेतलं तेव्हा सुधींद्रकाका म्हणाले होते, "मुलीच्या जातीला आकडे घेऊन काय करायचंय? लोणच्याच्या बरण्या मोजायच्यात?" पण कॉलेजात मानसिंग सर म्हणून नवे मास्तर आले होते. एका सरकारी कचेरीच्या यंत्रखोलीत ते वर्गाला घेऊन जात. तिथं जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायची, प्रत्येक भोकाला एक अर्थ द्यायचा, आणि गठ्ठा यंत्रात घातला की यंत्र खडखडत त्याचे ढीग पाडून देई. उद्याचा सगळा व्यापार आणि कारभार याच रीतीनं चालणार आहे, असं सर छातीठोक सांगत. परीक्षेसाठी प्रत्येकानं कुठल्यातरी खऱ्या कामाची माहिती अशी कार्डांवर उतरवायची होती. मंडळाच्या लग्न जमवण्याच्या कामाच्या कुंडल्या घे, असं सुचवलं होतं ते खुद्द अप्पांनीच. ट्रंक उघडून त्यांनी लेकीच्या हवाली केली होती. गोत्र, नाडी, गण, मंगळ, सगळं यंत्रच जुळवून देईल म्हणून कार्यकारिणीत मोठ्या अभिमानानं सांगूनही आले होते.

"सरांचा नियम आहे," वीणा म्हणाली, "की आकडा कार्डावर टाकायच्या आधी तो कशानं मोजला ते विचारायचं. म्हणून मी आईला सहज विचारलं, अक्काच्या वेळी घड्याळ कुठलं होतं. आई म्हणाली, लढाईतलं."

"म्हणजे?"

"लढाईत सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली होती, अप्पा. सगळ्या देशात. लढाई संपल्यावर परत मागं घेतली. अक्का त्रेचाळीसची. तुम्ही वेळ टिपून ठेवली ती तेव्हाच्या घड्याळाची, आणि कुंडली मांडली नंतर, बाहेरचं घड्याळ बदलून गेल्यावर. तो तास वजा करायचा राहिला."

वीणाला आता थांबता येईना.

"मला वाटलं, माझंच चुकत असेल. म्हणून लढाईच्या वर्षांतली कार्डं वेगळी काढली. एकाच आठवड्यात, एकाच सुमाराला जन्मलेली मुलं यंत्रात घातली, तर त्यांच्या लग्नराशींचे ढीग दोन. एक हुबळीच्या जोशीबुवांनी मांडलेल्यांचा आणि एक तुम्ही मांडलेल्यांचा. बुवांनी तास वजा केलाय. काल मी पंचांग घेऊन अक्काची परत मांडली. तिचा मंगळ आठव्यात नाहीच. तो नवव्यात आहे. चंद्रापासून मोजलं तरी दोष नाही."

तिच्या आवाजात थोडी ऐट होती. ती नाकारण्यात अर्थ नाही. आपण बहिणीला सोडवलं, अशी तिची पक्की समजूत होती.

रत्नाकरअप्पांनी पंचांग मागितलं नाही. पंचांग बघायला लागावं असं यात काही नव्हतंच. त्यांना घड्याळं पुढं केली ती सकाळ आठवली. भोंगा झाला तेव्हा बाहेर गच्च अंधार होता, आणि कारखान्याच्या फाटकाशी कुणीतरी चिडून म्हणालं होतं की या लढाईनं आपला सूर्यपण चोरला. ते स्वतः त्यावर हसले होते. एवढं सगळं आठवत होतं, आणि तरी कुंडली मांडताना तो तास मनात आला नव्हता. दुसऱ्यांची मापं तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना आपलं स्वतःचं माप एकदा तपासावंसं वाटलं नाही. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सुधींद्र," त्यांनी हाक मारली. "जरा इकडं ये."

सुधींद्रकाका आतून आले, त्यांच्यामागं हात पुसत वीणाची आई, शुभदाबाई. ऐकून घेतल्यावर काकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उठून रस्त्याकडची खिडकी लावली.

"हे बघा अण्णा," ते थोरल्या भावाला हळू आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. आता गप्प बसायचं. तासाभरात पाहुणे दारात उभे राहतील. मुलगा सोन्यासारखा आहे, टेलिफोनच्या कारखान्यात कायमचा आहे. मंगळाला मंगळ म्हणून जमलं, तसंच होऊन जाऊ दे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," अप्पा म्हणाले.

"तुम्हाला कळलं तर कळू दे की! मंडळात कळलं तर? लढाईतली पोरं काय एकटी सुलभा आहे का? कुणाकुणाच्या कुंडल्या तुम्ही मांडल्यात, कुणाची कुठं मोडली, कुणाची कुठं झाली. उद्या तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला? आणि तू गं, उद्यापासनं कॉलेज बंद. भोकं पाडायला पाठवलं तर घरालाच भोक पाडून आलीस."

"तिला कशाला बोलता?" शुभदाबाई म्हणाल्या.

त्या असं मध्ये बोलत नसत. दोघे भाऊ त्यांच्याकडं बघत राहिले.

शुभदाबाईंच्या डोळ्यांसमोर उपेंद्र उभा होता. तीन वर्षांपूर्वी त्याचं स्थळ आपण होऊन आलं होतं. संशोधन संस्थेत नोकरी, हसरा स्वभाव, आणि मुलीला पुढं शिकवायची तयारी. त्याच्या आईला सुलभा इतकी आवडली होती की तिनं ओटीही भरायला काढली होती. ती ओटी थांबवली ती अप्पांनी. मुलीला आठव्यात मंगळ आहे, मी तुमच्या मुलाचा घात करणार नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं, आणि त्या प्रामाणिकपणाचं मंडळात केवढं कौतुक झालं होतं. उपेंद्रचं लग्न झालं. आता त्याला मूलही आहे.

"तीन वर्षं मी त्या पोरीला मंगळवारचे उपास करायला लावले," शुभदाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं ती बिचारी तोंडातनं ब्र न काढता करत आली. आणि तिला मंगळ नव्हता! उपेंद्रसारखा मुलगा तुम्ही हातानं घालवलात, अहो. आणि आज तिला बिजवराच्या घरी लोटताय. कशासाठी? तुमच्या त्या घड्याळासाठी?"

"लोटत नाही," अप्पा म्हणाले. "हे लग्न होणार नाही."

"अण्णा!"

"मुलाला कडक मंगळ आहे. मुलीला नाही. उपेंद्रच्या वेळी जो नियम मी पाळला तोच आज पाळीन. तेव्हा मुलीकडनं पाळला, आज मुलाकडनं. पाहुणे आले की मी स्वतः सांगतो. चूक माझी आहे, ती मी कबूल करीन."

"कबूल कसली करताय! सगळं गाव बोलावून आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं!" काका ओरडले.

शुभदाबाईंनी पदर डोळ्याला लावला, पण त्या अप्पांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. ज्या नवऱ्यावर त्यांचा त्या क्षणी इतका संताप झाला होता, त्याच्याच निर्णयानं त्यांचं मन हलकं झालं होतं. बिजवर टळला होता. काका एकटे पडले. वीणा तर मनातल्या मनात जिंकलीच होती.

एवढ्या बोलण्यात सुलभाला काय वाटतं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

सुलभा आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं, पण त्या घरातल्या दारांनी कधी काही अडवलं नाही. निऱ्या हातात धरून ती सगळं ऐकत उभी होती, आणि ऐकता ऐकता निऱ्या कधी सुटल्या हेही तिला कळलं नाही. लहानपणापासून आपण कुणाच्यातरी जिवावर उठलेली मुलगी आहोत हे तिनं मान्य करून टाकलं होतं. मैत्रिणींच्या हळदीला ती मागं राही, कुणाच्या नव्या नवऱ्याकडं नीट बघतसुद्धा नसे. आणि ते सगळं खोटं होतं. तिला हसू आलं आणि लगेच भरून आलं.

तिनं उपेंद्रला आठवायचा प्रयत्न केला. चेहरा पटकन आठवेना. आठवला तो विद्याधरच.

मंडळाच्या वाचनालयात ती शनिवारी पुस्तकं द्यायला बसे. विद्याधर गेले कित्येक महिने दर शनिवारी एक पुस्तक नेत होता आणि पुढच्या शनिवारी आणून देत होता. एकदा तिनं पाहिलं तर परत आलेल्या पुस्तकाच्या पानांच्या घड्यासुद्धा कापलेल्या नव्हत्या. "वाचलंत?" तिनं विचारलं. "छान आहे," तो म्हणाला. तिनं ते पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं, तसा तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या शनिवारी त्यानं आपण होऊन सांगितलं, की मला वाचायची स्वल्पही आवड नाही, पण घरी गेलं की बोलायला कुणी नसतं. मग तो नुसताच येऊन बसायला लागला. त्याच्याकडनं मागणी आली तेव्हा घरच्यांनी तिला सांगितलं, मंगळाला मंगळ मिळाला, नशीब समज. तिनं मान खाली घातली होती. ती आनंदानं घातली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं घाईघाईनं निऱ्या घातल्या. बाहेर जाऊन सांगायलाच हवं होतं. तेवढ्यात फाटकाशी घोड्याचा जटका थांबल्याचा आवाज आला. पाहुणे वेळेच्या आधी आले होते.

हेमलताबाई ऐसपैस बाई. दारातच बूट सोडणाऱ्या भावाला मागं टाकून त्या साखरेचा पुडा आणि साडीचं ताट घेऊन आत आल्या. "जरा लवकरच निघालो, म्हटलं उगीच घाई नको," असं म्हणत त्या सतरंजीवर टेकल्या आणि मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले.

"काय झालं? मुलीला बरं नाही का?"

अप्पा उभे राहिले. त्यांनी हात जोडले. मंडळाच्या सभेत ठराव मांडावा तसं त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. तास, घड्याळ, कुंडली, चूक. स्वतःला कुठंही वाचवलं नाही. "माझ्या मुलीला मंगळ नाही," त्यांनी शेवटी सांगितलं. "तुमच्या भावाला आहे. मी तुमचा अपराधी आहे, पण हे जमायचं नाही."

सुधींद्रकाका भिंतीकडं तोंड करून बसले होते. हेमलताबाई भांडतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्या भांडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"याच्या पहिल्या बायकोलाही नव्हता," त्या पुटपुटल्या. "आम्ही तेव्हा बघितलंच नाही. वडील म्हणाले, असलं काही मानायचं नाही. वर्षाच्या आत बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तेव्हापासून मी शपथ घेतली होती, याला मंगळाचीच करीन म्हणून."

विद्याधर दाराशीच उभा होता. तो आत आलाच नाही. सुलभा आतल्या दारात येऊन थांबली होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"मला जायला हवं," तो म्हणाला. "माफ करा. माझ्यामुळं परत कुणी... नाही. मला ते परत सोसायचं नाही. चल अक्का."

बूट पायात कसेबसे सरकवून तो पायऱ्या उतरला. हेमलताबाईंनी ताट उचललं, ते पुन्हा ठेवलं, आणि रिकाम्या हातानं त्या भावामागं गेल्या.

सगळ्यात आधी वीणा बोलली, कारण तिला हे असं व्हायचं नव्हतं हे कळत होतं आणि काय चुकलं ते कळत नव्हतं.

"सुटलीस, अक्का," ती म्हणाली. "आता तुला कुठलंही स्थळ..."

"कशातनं सुटले?"

"म्हणजे... बिजवर..."

"मला तो हवा होता, वीणा."

वीणा बघतच राहिली. एवढ्या कार्डांवर एवढी भोकं पाडली, प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारलं, आईला विचारलं, जोशीबुवांच्या कुंडल्यांना विचारलं. शेजारच्या अंथरुणावर झोपणाऱ्या बहिणीला विचारलं नव्हतं. तिला एकदम रडू कोसळलं.

"तुला तो हवा होता?" शुभदाबाई म्हणाल्या. त्यांना ऐकलेलं खरं वाटेना. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू, आई? उपेंद्रच्या वेळी मला विचारलं नाही, या वेळी विचारलं नाही, आणि आत्ता मोडतानाही विचारलं नाही."

"सुलभा," अप्पा म्हणाले, "हा शास्त्राचा प्रश्न आहे. तुझ्या जिवाचा आहे."

"आज सकाळी मला मंगळ होता म्हणून ते मला मिळत होते. आता नाही म्हणून ते चालले. मधल्या वेळात मी नुसती वेणी घातली, अप्पा. माझ्यात काय बदललं ते सांगा."

अप्पांनी तोंड उघडलं. मुलांच्या शंकेला उत्तर दिल्याशिवाय ते कधी राहिले नव्हते. पण या वेळी ते झोपाळ्यावर खाली बसले.

सुलभा बाहेर पडली. "अगं चप्पल!" असं आई म्हणाली, कारण दुसरं काय म्हणावं हे तिला सुचलं नाही. साखरपुड्याची मुलगी साखरपुड्याच्या साडीत अनवाणी फाटकाकडं निघालेली समोरच्या चंद्राबाईंनी पाहिली आणि हातातलं सूप तसंच धरून त्या उभ्या राहिल्या. त्या आळीत असं काही आजवर कुणी केलं नव्हतं.

हेमलताबाई जटक्यात चढून बसल्या होत्या. विद्याधर एक पाय पायरीवर ठेवून उभा होता.

"थांबा," सुलभा म्हणाली.

तो थांबला. पाय मात्र पायरीवरच होता.

"आत जा सुलभाताई," तो म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनी सांगितलं की मला मंगळ आहे, मी मानलं. आता सांगतात नाही, तेही मानते. पण माझं लग्न कुणाशी व्हावं हे मला ठाऊक आहे. ते कुणी मांडून दिलेलं नाही."

"तुम्हाला कळत नाही. मी तिला बघितलंय. इस्पितळातनं रिकाम्या हातानं परत आलोय मी. मंगळ असो, नसो, मला माहीत नाही. पण तुमचं काही झालं तर..." मग तो अगदी हळू म्हणाला, "मला भीती वाटते, सुलभा."

नुसत्या नावानं त्यानं तिला पहिल्यांदाच हाक मारली होती.

"मग भीत भीत करा," सुलभा म्हणाली. "मीही भीत भीतच करणार आहे. पण करा."

व्हरांड्यात अप्पा येऊन उभे राहिले होते, त्यांच्यामागं आई, वीणा, काका. कुणी तिला मागं बोलावलं नाही. घोडा मान हलवत होता. जटकावाल्यानं लगाम हातात घेऊन कन्नडमध्ये विचारलं, निघायचं का?

विद्याधरनं पायरीवरचा पाय खाली घेतला.

"अक्का," तो म्हणाला, "खाली उतर."